त्या वर्षीचा फिका मसाला

तिखट ही चव नाही. हे मी नव्या पेशंटना पहिल्याच भेटीत सांगते आणि बहुतेकांना ते आवडत नाही. गोड, आंबट, खारट, कडू या जिभेला कळणाऱ्या चवी. तिखट कळतं ते दुखणं म्हणून. गरम तव्याला बोट लागलं की ज्या नसा हात मागे ओढायला लावतात, तसल्याच नसा तोंडातही असतात, आणि मिरची नेमकी त्यांना डिवचते. मेंदूला वाटतं तोंड भाजतंय. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कपाळावर घाम. भाजत काहीच नसतं, मार मात्र पुरता बसतो. आणि आपण बोटं चाटत म्हणतो, झणझणीत झालंय.

मी नौपाड्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहारतज्ज्ञ म्हणून बसते. खालच्या डॉक्टरांनी पाठवलेली शुगरवाली, बीपीवाली माणसं जिना चढून धापा टाकत येतात. फोनवर आलेलं काहीतरी वाचून आलेला एक तरी गृहस्थ रोज असतोच. "मॅडम, मिरचीत संत्र्यापेक्षा जास्त व्हिटॅमिन सी असतं म्हणे?" असतं की. ताज्या हिरव्या मिरचीत भरपूर असतं. पण तक्त्यात लिहिलेलं असतं ते शंभर ग्रॅमचं. शंभर ग्रॅम म्हणजे मूठ भरून वर उरेल एवढी मिरची. ती तुम्ही खाणार आहात का? गृहस्थ हसतात. मग मी उरलेलंही सांगून टाकते. मिरची लाल करून उन्हात वाळवली की सी जवळजवळ जातं. ए टिकतं, ते तेलात विरघळतं, म्हणून फोडणीतलं तिखट त्या मानाने बरं. थोडा चोथा असतो, थोडं पोटॅशियम असतं. पण चमचाभर तिखट चार माणसांच्या आमटीत गेलं की एकेकाच्या वाट्याला पोषण काय येणार? येतो तो चटका.

मूठभर मिरची खाणारी माणसं मी पाहिली आहेत. ती माझ्या माहेरी होती, आणि सगळ्या बायका होत्या.

माझं माहेर माजिवड्याचं. हायवेचे पूल आणि मेट्रोचे खांब यांच्या खाली आमचं जुनं गाव अजून शिल्लक आहे. आजोबा शेती करायचे, मिठागरावर जायचे. मग जमिनीवर टॉवर उभे राहिले आणि आमच्या कौलारू घराच्या जागी ग्रॅनाइटचा तीन मजली बंगला आला. जेवायची रीत तीच राहिली. आधी पुरुष, मग पोरं, मग बायका. तोवर कालवणातल्या मासळीच्या तुकड्या संपलेल्या असायच्या. आई, म्हणजे आमची आय, तांदळाची भाकरी घ्यायची, मिठाचे खडे घ्यायची आणि हिरव्या मिरच्या. एकामागून एक दाताखाली कराकरा चावायची. मला वाटायचं तिला आवडतात. कॉलेजात पोषणशास्त्र शिकायला लागले तेव्हा एकदा वर्गात बसल्याबसल्या तिचं ताट डोळ्यांसमोर आणलं आणि त्यात काय काय आहे ते लिहून काढलं. भाकरीतून पिष्ट मिळत होतं. जीवनसत्त्व म्हणण्यासारखं जे काही होतं ते सगळं त्या मिरच्यांत होतं. वर्गात मला इतका राग आला की पेनाचं निब कागदातून आरपार गेलं. राग कोणावर काढायचा ते तेव्हा कळलं नाही. वडील तोवर गेले होते.

वडिलांचा हात चालायचा. कालवण सपक लागलं तर ताट भिंतीवर जायचं, आणि ताटामागून आय. पिवळ्या भिंतीवर लाल ओघळ राहायचे आणि दिवाळीच्या रंगात बुजायचे. दादूस, माझा मोठा भाऊ, हे सगळं मांडी घालून बघत बघत जेवायचा. माझाही हात चालतो, हे सांगून टाकते. शाळेत मी एका मुलीचा दात पाडला होता. आमच्या घरात शांत स्वभाव कोणाकडून घेणार?

तर दादूसला त्या वर्षी रक्ताची उलटी झाली. जठरात व्रण निघाला. हा व्रण मिरचीने झाला नव्हता. रोजच्या दारूने आणि वर डोकं दुखतं म्हणून चघळलेल्या गोळ्यांनी झाला होता. पण झालेल्या जखमेवर तिखट नको, हे खरंच. डॉक्टर म्हणाले, दारू बंद आणि मसाला बंद. दादूसने दारूचं ऐकलंच नाही. मसाल्याचं ऐकलं आणि हसला. "मी काय आजारी म्हातारा हाय काय, दूधभात खायाला?"

वहिनी माझ्याकडे आली. वहिनी कल्याणकडची, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, अंगाने काडी. तिचं हिमोग्लोबिन मी दरवर्षी तपासून घ्यायची आणि दरवर्षी डोक्याला हात लावायची. ती नौपाड्याला रिक्षाने आली, पेशंटच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ताई, त्यांना कळणार नाय असं कायतरी सांगा."

मी सांगितलं. फाल्गुन चालू होता, वर्षाचा मसाला अजून व्हायचा होता. लाल रंग आणि तिखटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काश्मिरी मिरचीला रंग आहे, तिखट नावापुरतं. बेडगीलाही रंग आहे, तिखट बेताचं. खरा जाळ लवंगीचा. तेव्हा यंदा लवंगी अजिबात घालायची नाही, संकेश्वरी निम्मी करायची, काश्मिरी वाढवायची. आणि मिरचीच्या आत बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात ती शीर काढून टाकायची. लोक बियांना नावं ठेवतात, पण तिखट असतं ते त्या शिरेत. कालवण रक्तासारखं लाल दिसेल आणि पोटाला सोसेल.

आय आणि वहिनीने गच्चीवर बसून शिरा काढल्या. बोटं इतकी भगभगत होती की दोघी संध्याकाळी ताकात हात बुडवून बसायच्या. डंकावर, म्हणजे आमच्याकडे यंत्राने मसाला कुटून देतात तिथे, शेजारणींनी टोपलीत डोकावून विचारलंच, लवंगी कुठाय? आय म्हणाली, घरी भाजून मग घालणार. आय खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मसाला झाला. बरण्या भरल्या. दादूस जेवायला बसला, भुरके मारले, घामसुद्धा पुसला. रंग बघूनच माणसाला निम्मा घाम येतो. महिनाभर पोटात दुखलं नाही. वहिनीने फोन करून सांगितलं तेव्हा मी खूश झाले. मला वाटलं, आपण त्या घरातली एक मारामारी टाळली.

चूक पुढे झाली आणि ती आमच्या रीतीप्रमाणे झाली. भावकीत हळद असली की हळदीच्या रात्रीच्या मटणाला प्रत्येक घरातून आपापल्या मसाल्याची एक बरणी जाते. कोणी मागत नाही, पाठवायचीच असते. कुठल्या घराची बरणी कुठल्या टोपात पडली हे आचाऱ्यापासून पोरांपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, कारण मसाला ही आमच्याकडे घराची अब्रू. चुलतभावाच्या मुलाची हळद होती. वहिनीच्या मनातसुद्धा आलं नाही की ही बरणी वेगळी आहे. तिने चांगली मोठी, नव्या झाकणाची निवडली, वर स्वच्छ फडकं बांधलं आणि पाठवली.

त्या रात्री एक टोप लालभडक दिसला आणि तोंडात काहीच लागलं नाही. पुरुषांच्या पंगतीत कोणीतरी म्हणालं, "दादूस, तुझे घरात आता पोरी मसाला खातान काय?" दुसरा म्हणाला, हा मसाला बाळंतिणीला द्या. सगळी पंगत हसली. दादूसही हसला, असं नंतर कळलं. तो चारचौघांत हसतो आणि घरी येऊन हिशेब करतो, अगदी वडिलांसारखा.

रात्री त्याने काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारात गेला आणि पिशवीभर सुकी लवंगी घेऊन आला. जन्मात पहिल्यांदा मिक्सरला हात लावला. भांड्यात मिरच्या कोंबल्या आणि फिरवल्या. वरच्या मजल्यावर झोपलेली माणसं खोकत उठली. मग त्याने वहिनीला केसांना धरून ओट्याशी आणलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. आयने पाहिलं. मला तिचा फोन आला तेव्हा समोर एक शुगरच्या आजीबाई बसल्या होत्या आणि मी त्यांना नाचणीबद्दल सांगत होते. आय फोनवर एवढंच म्हणाली, "बाय, ये." मागून एक आवाज येत होता. मला आधी वाटलं मांजर आहे.

रिक्षा खोपटच्या डेपोपाशी अडकली. एक एसटी वळता वळत नव्हती. मी रिक्षावाल्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचा बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता.

घरात शिरताच घशात ठसका बसला. हॉलमध्ये एसी चालू होता, टीव्हीवर मॅच चालू होती, दादूस सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता. स्वयंपाकघरात फरशीवर लाल भुकटी सांडली होती आणि तिच्यात अनवाणी पाय घसरल्याच्या खुणा होत्या. वहिनी मोरीत होती. तोंड, ओठ, नाक सुजून एक झालेलं. डोळे मिटलेले. ती तळव्यांनी डोळे चोळत होती आणि तळव्यांनाही तिखटच होतं. शेजारणीने वाटीत तूप आणलं होतं, डोळ्यांत घालायला. मी वाटी उडवून लावली. मिरचीचा जाळ तेलातुपात विरघळतो हे खरं, पण ते हाताच्या कातडीला ठीक, डोळ्यांत नाही. डोळ्यांना पाणी आणि फक्त पाणी, धार धरून, कितीही वेळ. मी तिचे हात साबणाने धुतले, आयला ते धरून ठेवायला सांगितलं आणि नळाखाली तिची मान वाकवली. पापण्या उघडायला गेले की ती मला लाथा मारायची. मारू दे म्हटलं. तिच्या मानेवर चार बोटं उमटली होती. घसा बसला होता, त्यातून ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, "मी चांगली बरणी दिली, ताई. मी चांगली बरणी दिली."

ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. ओट्यावर लोखंडी उलथनं होतं. ते घेऊन मी हॉलमध्ये गेले आणि दादूसच्या खांद्यावर हाणलं. दुसरा घाव तोंडावरच मारायचा होता, पण तो उठला, माझा हात मनगटातून पिरगळला आणि मला फ्रिजवर ढकललं. फ्रिजच्या दाराला डोकं आपटलं. तो म्हणाला, "तूच शिकवलंस ना तिला? नौपाड्याची डॉक्टरीण. घरातल्या मानसाला फसवाचं." त्याच्या डोळ्यांतूनही पाणी येत होतं. घरभर लवंगी उडत होती, कोणाच्याच डोळ्यांना चुकली नव्हती.

त्यानंतर मला अनेकांनी विचारलं, तुला अपराधी वाटत नाही का? नाही वाटत. सल्ला माझा होता, हात त्याचा होता. त्याचं पोट वाचवायला मी मिरची बदलली. त्याच्या पोटात आणखी एक भोक पडेपर्यंत थांबायला हवं होतं, असं आज मात्र कधीकधी वाटतं.

आय मोरीतून बाहेर आली. साडी ओली, हात कोपरापर्यंत लाल. म्हणाली, "हॉस्पिटलात नेवाला पायजे." आणि दादूस एकदम सरळ झाला. खरंच सांगते, चावी घेतली, गाडी दारात आणली, वहिनीला धरून मागच्या सीटवर बसवलं, तिचं डोकं दाराला लागू नये म्हणून वर हात धरला. वडीलही असेच होते. मारून झालं की मलम आणायचे.

गाडीत तो हळूच म्हणाला, "मसाला करताना उडाला, असं सांगू. काय?" वहिनीने मान हलवली, होय म्हणून. तिचे डोळे मिटलेले होते, बांधलेल्या ओल्या फडक्यातून पाणी गळत होतं, आणि ती होय म्हणत होती. मला तिचाच राग आला. मग कळलं की तिला रात्री त्याच घरात परत जायचं आहे, मला नाही.

कॅज्युअल्टीतला डॉक्टर तरुण होता. फडकं काढून बघितलं आणि विचारलं, कसं झालं? दादूस म्हणाला, "डॉक्टर, घरी मसाला चाललाय ना. झाकण उघडायला गेली, उडाला." डॉक्टर मान डोलवत म्हणाला, "सीझनच आहे. उन्हाळ्यात या केसेस येतातच." आणि लिहायला लागला. इतकं सोपं होतं. उन्हाळ्यात आमच्या भागात अर्ध्या घरांच्या गच्च्या लाल असतात, मग एका बाईच्या डोळ्यांत मिरची गेली तर विचारायचं काय त्यात?

मी म्हणाले, "खोटं आहे. यानं मारलंय तिला. मान बघा तिची." डॉक्टरने पेन थांबवलं. दादूस हसला, हळदीच्या पंगतीत हसला असेल तसाच. "सर, ही माझी बहीण. आमचं जमिनीवरून जरा वाकडं आहे. तुम्ही पेशंटलाच विचारा." डॉक्टरने पेशंटला विचारलं. वहिनी म्हणाली, "उडाला." तिच्या सुजलेल्या ओठांतून शब्द नीट निघालासुद्धा नाही, पण डॉक्टरला तो पुरला असता. माझ्याकडे पुरावा काय होता? मी तर तिथे नव्हतेच.

आय भिंतीशी उभी होती. ती दवाखान्यात कधी बोलत नाही. विचारलं तर पदर तोंडावर घेऊन मुलाकडे बघते. तिने पदर घेतला नाही. म्हणाली, "डाक्टर, मसाला आमचा म्हयन्यापूर्वीच झाला. बरन्या भरून झाल्या. आमचे घरान यंदा लवंगी नव्हती. एक पन नव्हती. मी सोताचे हातानी निवरलाय सगला." डॉक्टरला कळेना ही बाई काय सांगते आहे. "मग?" त्याने विचारलं.

"हिचे डोल्यान लवंगी हाय. ती माझे पोरानी बाजारातून आनली, दलली, नि हिचे तोंडान कोंबली नि डोल्यान चोलली. मी बघतलाय. मी दारानच उभी होती."

दादूस म्हणाला, "आय." एवढंच. मला वाटलं तो तिच्यावर धावून जाईल, म्हणून मी मधे गेले. पण तो जागचा हलला नाही. त्याला मार खाणारी आय माहीत होती, गप्प बसणारी माहीत होती. बोलणारी कोण, हे त्याला ओळखू येत नव्हतं.

डॉक्टरने आधीचा कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. पोलीस आले. हवालदाराने आयला बाकावर बसवून समजुतीच्या सुरात विचारलं, "मावशी, मुलगाच ना तुमचा? नीट विचार करून बोला, मागाहून फिरवता येत नाही." आयने सगळं पहिल्यापासून परत सांगितलं, तेच शब्द, त्याच क्रमाने. मग वहिनीनेही सांगितलं. आयचा हात हातात धरून, आंधळ्यासारखी, हळूहळू, बरणीवर फडकं बांधल्यापासून.

वहिनीचे डोळे वाचले. बुबुळांवर जखमा होत्या, त्या भरायला वेळ गेला, आणि एकात अजून उन्हाचं टोचतं. ती कल्याणला तिच्या आईकडे गेली ती परतली नाही. आणि आयही तिच्याबरोबर गेली. सासू सुनेच्या माहेरी जाऊन राहिली, असं आमच्या भावकीत आजवर कोणी ऐकलं नव्हतं. माजिवड्यात लोक काय काय बोलले त्याला सुमार नाही. खटला चालू आहे. दादूस तारखांना येतो आणि आमच्याकडे बघत नाही.

मी रविवारी कल्याणला जाते. दोघी एकाच वेळी, एकाच चटईवर जेवतात. मी वहिनीसाठी लिंबू आणि पालक नेते, आयला ओरडते की मिरच्या कमी खा, आणि ती माझ्यासमोर मुद्दाम एक चावते. एका रविवारी वहिनी आत झोपलेली असताना मी आयला विचारलं. आय, बाबांनी इतकी वर्षं मारलं, तू कधी चकार शब्द काढला नाहीस. त्या दिवशीच कशी बोललीस?

आय पदराने चष्मा पुसत होती. तिला डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. मी जन्मल्यापासून तो डोळा तसाच आहे. नवी नवरी असताना मसाला कुटताना उडाला, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला कधी वेगळं काही विचारावंसं वाटलं नव्हतं.

"तवा पन डाक्टरनी इचारलान," ती म्हणाली. "माझी सासू दारानच उभी होती. तिनी सांगतलान, उडाला."